विश्लेषण : श्यामची आई दिसायला कशी होती? साने गुरुजींच्या पुस्तकातली आणि पडद्यावरची

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही श्यामची आई डोळ्यांपुढे आणायला सांगा, ती लगेच येते. नऊवारी लुगडे, कामाने थकलेले हात, कोकणातले अंगण. पण चेहरा कोणाचा? अनेकांच्या बाबतीत तो आचार्य अत्रे यांच्या १९५३ मधील चित्रपटातील वनमाला यांचा असतो. नव्या पिढीतील काहींना २०२३ च्या चित्रपटातील गौरी देशपांडे आठवतात. ज्यांनी आधी पुस्तक वाचले आणि चित्रपट नंतर पाहिला, त्यांच्या मनात बहुधा स्वतःच्याच आईचा किंवा आजीचा चेहरा असतो. हे पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींनी मात्र यांपैकी एकही चित्रपट पाहिला नाही. पहिला चित्रपट येण्याच्या तीन वर्षे आधीच ते गेले होते. गुरुजींचे आयुष्य, त्यांनी लिहिलेली आई आणि पडद्याने दिलेला चेहरा यांचा परस्परांशी संबंध काय, हे समजून घेऊ.

श्याम कोण आणि साने गुरुजी कोण?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. दापोली तालुक्यातील हे गाव त्याच नावाच्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. खोताचे घर म्हटले की भरलेली कोठारे डोळ्यांपुढे येतात, पण पांडुरंगाच्या लहानपणापर्यंत सान्यांच्या घरची श्रीमंती ओसरली होती. कर्ज वाढत गेले, भाऊबंदकीत घर सुटले आणि पुढे जप्तीची वेळ आली.

पुस्तकातला श्याम म्हणजे बहुतांशी हाच पांडुरंग. मोठेपणी आश्रमात राहणारा श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची मांडणी आहे. म्हणून प्रकरणांना प्रकरणे न म्हणता रात्री म्हटले आहे, आणि अशा ४२ रात्री आहेत. त्यामुळे ‘श्यामची आई’ला कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथन. दोन्हींत तथ्य आहे. या पुस्तकाच्या चित्रपटांबद्दल बोलताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. इथे नटीला कल्पनेतली नायिका साकारायची नव्हती. दापोली तालुक्यात खरोखर जगून गेलेल्या एका बाईला चेहरा द्यायचा होता.

आईची आणि मुलाची ताटातूट कधी झाली?

पालगडला पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. त्यामुळे पांडुरंगाला दापोलीला आत्याकडे ठेवण्यात आले. तिथल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत तो शिकला. सुटी मिळाली की डोंगरवाटेने चालत पालगड गाठायचे, हा त्याचा परिपाठ. घरची परिस्थिती आणखी खालावली, तेव्हा शाळा सुटण्याची पाळी आली. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळल्याने तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गेला. तिथे प्लेगची साथ आली आणि औंध सोडावे लागले. मग पुणे. तिथल्या नूतन मराठी विद्यालयात शिकताना त्याने उपास काढले, मिळेल तिथे राहिला.

याच काळात पालगडला आई खंगत गेली. घरात ताप, पैशांची चणचण, सावकाराच्या माणसांनी दारात येऊन केलेला अपमान, हे सारे ती सोसत होती. २ नोव्हेंबर १९१७ रोजी यशोदाबाई गेल्या. मुलगा तेव्हा पुण्यात होता. त्याला आईचे शेवटचे दर्शन झाले नाही. पुस्तकातही श्याम पोहोचतो तेव्हा आई उरलेली नसते. स्मशानात राख असते. त्या प्रकरणाचे नावच ‘भस्ममय मूर्ती’ आहे.

श्यामच्या आईचा चेहरा शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आईचा शेवटचा चेहरा पाहायला मिळाला नाही. पुढे त्याने जे लिहिले, त्यात चेहऱ्यापेक्षा तिने केलेल्या गोष्टी अधिक आहेत.

शिक्षक तुरुंगात कसे पोहोचले?

पांडुरंग मॅट्रिक झाला, तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाला आणि १९२४ मध्ये खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला. तिथेच सानेसर हे साने गुरुजी झाले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, मुलांसाठी स्वतः हाताने दैनिक लिहून काढणे, असे त्यांचे दिवस जात. आईने घरात जे केले, तेच गुरुजी वसतिगृहात करत होते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतर तुरुंगवास हा त्यांच्या आयुष्याचा नेहमीचा भाग झाला. धुळे, मग थेट दक्षिणेतील तिरुचिरापल्ली. तिथे त्यांनी तमिळ शिकून घेतली आणि ‘कुरळ’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ मराठीत आणला. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे तिथे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक घरोघरी आहे, त्यामागे गुरुजींची लेखणी आहे. बोललेले शब्द त्या वेगाने कागदावर उतरवण्याची ही सवय पुढे कामी आली.

‘श्यामची आई’ किती दिवसांत लिहून झाली?

धुळ्यानंतर गुरुजींना नाशिकच्या तुरुंगात हलवण्यात आले. तिथे सोबत्यांशी बोलताना आईच्या आठवणी निघत. दिवसा तुरुंगातले काम आणि रात्री लेखन, असा क्रम ठेवून त्यांनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. म्हणजे पुस्तकाचा मुख्य भाग अवघ्या पाच दिवसांत उतरला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते सतत छापले जात आहे.

ज्या मुलाने आईला अखेरचे पाहिले नाही, तो तिशी ओलांडल्यावर, घरापासून दूर, तुरुंगाच्या भिंतीआड बसून तिला आठवत होता. इतक्या वर्षांनी चेहऱ्याचे बारकावे पुसट होतात. आईने काय केले, काय शिकवले, ते मात्र पक्के राहते. पुस्तकातही तेच उमटले आहे.

पुस्तकात आईच्या रूपाचे वर्णन आहे का?

रूपाच्या वर्णनावर हे पुस्तक फारसे थांबत नाही. नायिकेचा रंग, नाक, डोळे, केस यांची जी यादी त्या काळच्या कादंबऱ्यांत हमखास असे, ती इथे नाही. आई ओळखता येते ती तिच्या कृतींवरून.

आंघोळ झालेल्या श्यामला पायांना माती लागू द्यायची नसते, तेव्हा ती स्वतःचे लुगडे पसरून त्याचे पाय त्यावर ठेवू देते आणि मनही असेच स्वच्छ ठेवायला शिकवते. पाण्याला घाबरून लपलेल्या मुलाला ती शिंपटीने फोडून काढते आणि पोहायला धाडते. भाजीत मीठ घालायचे राहून जाते, घरातले कोणी तिला बोलत नाही आणि पानावर बसल्यावर तिला स्वतःलाच ते कळते, तेव्हा ती हळहळते. झाडावरच्या कळ्या आदल्या दिवशीच तोडून आणणाऱ्या श्यामला ती थांबवते. महार समाजातील एका म्हाताऱ्या बाईची मोळी खाली पडते, तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ती श्यामला पुढे होऊन मोळी उचलून द्यायला सांगते.

या प्रसंगांत आपल्याला हात दिसतात, लुगड्याचा काठ दिसतो, चूल दिसते. चेहरा दिसत नाही. तो वाचक स्वतः आणतो. नागपूरच्या वाचकाची श्यामची आई वेगळी असते, बेळगावच्या वाचकाची वेगळी. हे पुस्तक इतक्या घरांत आपले झाले, त्याचे एक कारण हेही असावे.

वाचताना मनात चेहरा येतो तरी कसा?

वाचताना आपल्या मनात पूर्ण छायाचित्र तयार होते, असे आपल्याला वाटते. जरा तपासून पाहिले तर तसे नसते. आवडत्या पात्राचे कान कसे होते, भुवया कशा होत्या, असे विचारले की आपण अडखळतो. मनात असते ती एक ढोबळ आकृती, एखादी लकब, आवाजाची पट्टी आणि ओळखीच्या माणसांकडून उसना घेतलेला एखादा भाग. काहींच्या मनात तर चित्रच उमटत नाही. अशा अवस्थेसाठी ब्रिटनमधील मज्जाविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ ही संज्ञा वापरली. अशी माणसेही कादंबऱ्या वाचतात आणि त्यात रमतात. म्हणजे पात्रावर जीव जडायला त्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, असे नाही.

पडद्याचे नियम वेगळे आहेत. कॅमेऱ्यासमोर कोणीतरी उभे राहावेच लागते. पुस्तकाने मोकळी सोडलेली जागा चित्रपटाला मोकळी सोडता येत नाही. आणि एकदा स्पष्ट चेहरा पाहिला की मनातली पुसट आकृती मागे पडते. हॅरी पॉटरचे डोळे पुस्तकात हिरवे आहेत, पडद्यावरच्या डॅनियल रॅडक्लिफचे निळे. तरीही आज बहुतेकांचा हॅरी निळ्या डोळ्यांचाच आहे. काही लेखकांना याची आधीच धास्ती होती. एका सकाळी किड्यात रूपांतर झालेल्या माणसाची कथा फ्रान्झ काफ्का यांनी लिहिली. १९१५ मध्ये ती पुस्तकरूपाने येताना त्यांनी मुखपृष्ठावर तो किडा काढू नये, अशी विनंती प्रकाशकाला केली होती. वाचकाने तो आपापल्या मनात पाहावा, ही त्यांची इच्छा होती.

मराठीतही याची उदाहरणे आहेत. साने गुरुजींच्याच दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ ची. नाटकात आणि पुढे चित्रपटात बापू झाले ते चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर. त्यानंतर कित्येकांना बापू घाणेकरांच्या घाऱ्या डोळ्यांशिवाय आठवेना. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर दूरदर्शनने मालिका केली, तेव्हा माधवराव पेशव्यांना रवींद्र मंकणी यांचा आणि रमाबाईंना मृणाल देव यांचा चेहरा मिळाला. कादंबरी नंतर वाचणाऱ्यांच्या मनात तेच चेहरे आधीपासून हजर असतात.

वनमाला श्यामची आई कशा झाल्या?

गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये आचार्य प्र. के. अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला. निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांचेच. संगीत वसंत देसाई यांचे. श्यामच्या भूमिकेत माधव वझे हा मुलगा होता, जो पुढे इंग्रजीचा प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक म्हणून ओळखला गेला. आणि आईच्या भूमिकेत वनमाला.

त्या काळच्या प्रेक्षकांना ही निवड सहज पटणारी नव्हती, हे वनमाला यांची आधीची कारकीर्द पाहिली की कळते. त्यांचे मूळ नाव सुशीला पवार. घराणे माळव्यातील, ग्वाल्हेर संस्थानाशी संबंधित आणि प्रतिष्ठित. पदवीपर्यंत शिकून चित्रपटात आलेल्या त्या काळच्या मोजक्या तरुणींपैकी त्या एक. १९४१ मध्ये सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर त्या रुखसाना झाल्या होत्या आणि त्यांचे नाव देशभर झाले होते. त्यांच्या डोळ्यांची तर इतकी ख्याती होती की १९४५ मधील त्यांच्या एका चित्रपटाचे नावच ‘शरबती आँखें’ होते. पालगडच्या कर्जबाजारी घरातली, तापाने खंगलेली आई आणि इराणी वेशातली रुखसाना यांच्यात साम्य शोधून सापडले नसते.

तरीही चित्रपट पाहणाऱ्यांनी त्यांना आई म्हणून स्वीकारले, आणि असे स्वीकारले की पुढे दुसरी आई अनेकांना सुचेना. याचे एक उत्तर पुस्तकातच आहे. रूपाचे ठरावीक वर्णन नसल्याने वनमाला यांचा चेहरा पुस्तकाशी विसंगत ठरायला जागाच नव्हती. जुळायला हवी होती ती वागणूक, स्वर, हातांची हालचाल. शिवाय कृष्णधवल पडद्यावर त्या प्रसिद्ध डोळ्यांचा रंग उतरतच नव्हता. उरली होती ती नजर.

केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले तेव्हा पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, १९५३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. देशातला हा सर्वोच्च चित्रपट सन्मान सर्वप्रथम मिळवणारा चित्रपट मराठी होता, आणि तो पालगडच्या एका आईवरचा होता. वनमाला पुढे चित्रसृष्टीपासून दूर गेल्या. २००७ मध्ये ग्वाल्हेर येथे त्यांचे निधन झाले.

चित्रपटाने नुकसान केले की फायदा?

पुस्तकप्रेमी सहसा नुकसान झाले म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाच्या मनातली वेगळी आई जाऊन सगळ्यांची एकच आई झाली. पुस्तक हातात घेण्याआधीच चेहरा ठरून गेला आणि वाचकाच्या वाट्याचे काम कमी झाले. या तक्रारीत तथ्य आहे.

पण दुसरी बाजू आकड्यांत आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणजे दर शंभरातील ऐंशीहून अधिक माणसांना हे पुस्तक स्वतः वाचता येण्याजोगे नव्हते. त्यांत बायकांचे प्रमाण जास्त. ज्या बाईचे आयुष्य श्यामच्या आईसारखे चुलीपाशी आणि कर्जाच्या धास्तीत गेले, तिलाच पुस्तक वाचता येत नव्हते. चित्रपटाने तिला ते पहिल्यांदा दाखवले. तिच्या मनात पुसली जाईल अशी कोणतीही आधीची प्रतिमा नव्हती. तिच्यासाठी वनमाला यांचा चेहरा हा भरच होता.

म्हणून फायदा की नुकसान, याचे उत्तर आपण पुस्तकाकडे कोणत्या वाटेने आलो त्यावर अवलंबून आहे.

गुरुजींची स्वतःची प्रतिमा कशी बदलली?

चेहरा ठरून जाण्याची खरी किंमत मोजावी लागली ती साने गुरुजींना. श्याम म्हणजे गुरुजी, हे समीकरण पुस्तकाने आणि मग चित्रपटाने पक्के केले. पडद्यावरचा श्याम लहान मुलगा होता, रडणारा, आईच्या पदराला धरून राहणारा. लोकांच्या मनातले गुरुजीही तसेच राहिले : हळवे, मृदू, डोळ्यांत सतत पाणी असलेले. शाळेत प्रार्थना म्हणून गायल्या जाणाऱ्या त्यांच्या गाण्याने ही प्रतिमा अधिकच गोड केली.

प्रत्यक्षातले आयुष्य पाहिले तर हे चित्र अपुरे आहे. १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्यासाठी त्यांनी गावोगाव फिरून माणसे उभी केली. अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवले, शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले. एकूण आयुष्यातली बरीच वर्षे त्यांनी गजाआड काढली. हा माणूस रडत होता हे खरे, पण तो मागे हटत नव्हता हेही तितकेच खरे.

याचा सर्वांत मोठा पुरावा पंढरपूरचा. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. ज्या देवाला चोखोबांनी आळवले, त्याच्या दारात चोखोबांच्या समाजाला बाहेर उभे राहावे लागत होते. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी विहिरी आणि देवळे खुली करण्याचे आवाहन केले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराज मठात त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. सनातनी मंडळींचा विरोध होता, काही जवळच्यांनाही हा मार्ग मान्य नव्हता. दादासाहेब मावळणकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मान्यता दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. विठ्ठलाचे मंदिर सर्वांसाठी खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला.

पुस्तकातली मोळीची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. आईने मुलाला एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगितले होते, पण नंतर घरी येऊन आंघोळ करायलाही सांगितले होते. काळाची चौकट तिलाही पूर्ण ओलांडता आली नव्हती. मुलाने मोठेपणी ती ओलांडली. आईची शिकवण त्याने तिच्याहूनही पुढे नेली. लहानग्या श्यामच्या चेहऱ्यावर थांबणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रवास दिसत नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

स्वातंत्र्य मिळाले, पण गुरुजींना हवा तसा देश दिसेना. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला होता, याचे दुःख त्यांना असह्य झाले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले, जे आजही निघते. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे, मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. तुरुंगात तमिळ शिकलेल्या माणसाला ती सुचणे साहजिक होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्राला तो धक्का पचवायला फार वेळ लागला.

त्यामुळे आपल्या आईला पडद्यावर पाहून त्यांना काय वाटले असते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित आहे.

२०२३ च्या चित्रपटाने काय बदलले?

सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला नवा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. रंगीत पडद्याच्या काळात त्यांनी तो मुद्दाम कृष्णधवल केला. आईच्या भूमिकेत गौरी देशपांडे होत्या. आणखी एक महत्त्वाचा बदल होता. या चित्रपटात मोठ्या वयाचे साने गुरुजीही आहेत, आणि ती भूमिका ओम भुतकर यांनी केली. म्हणजे आठवण ज्याच्याबद्दल आहे तो मुलगा आणि आठवण काढणारा माणूस, असे दोन चेहरे प्रेक्षकाला वेगवेगळे दिसले. श्याम म्हणजेच गुरुजी या समीकरणाला त्यामुळे थोडा छेद गेला. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

दुसरा चेहरा आल्याने पहिल्याची पकडही सैल झाली. एकाच आईचे दोन चेहरे पाहिलेल्या मुलाला तिसरा चेहरा कल्पणे अवघड जात नाही. पुस्तकांवर पुन्हा पुन्हा चित्रपट होण्याचा हा एक फायदा आहे. एकच रूपांतर असले की ते मूळ वाटू लागते, दोन झाली की ती रूपांतरे आहेत हे लक्षात येते.

मग आधी पुस्तक वाचावे की चित्रपट पाहावा?

घरात लहान मुले असतील तर सोपा मार्ग आहे. ‘श्यामची आई’ वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली आहे, एका रात्री एक आठवण. रोज एक रात्र वाचली तर दीड महिन्याच्या आत पुस्तक संपते. त्यानंतर १९५३ चा आणि २०२३ चा, दोन्ही चित्रपट दाखवावेत आणि तुझ्या मनातली आई यांच्यापेक्षा वेगळी होती का, असे विचारावे. चित्रपट आधी पाहिला असला तरी बिघडत नाही. वाचताना हात, लुगडे, चूल, मोळी यांकडे लक्ष ठेवले की पडद्यावरचा चेहरा हळूहळू बाजूला होतो.

पालगडला साने गुरुजींचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. दापोलीला समुद्र पाहायला जाणाऱ्यांना थोडी वाट वाकडी करून तिथे जाता येते. चुलीपाशी वाकलेल्या यशोदाबाई कशा दिसत असतील, याचा अंदाज तिथे उभे राहून ज्याने त्याने आपल्यापुरता बांधावा. गुरुजींनी ते काम वाचकावरच सोपवले आहे.